पत्र्याची तीट

वर्षाराणीच्या दुकानातून कुठलीही वस्तू मळकी परत जात नसे. हा तिचा नियम होता, आणि तिचा निम्मा धंदा ह्या नियमावरच चालला होता. मिक्सर आतून कसा दुरुस्त झालाय हे गिऱ्हाइकाला कुठे दिसतं? त्याला दिसतं ते भांडं, झाकण आणि बटणं. बोईसरजवळच्या सरावलीत खिडकी उघडी ठेवून झोपलं तर सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. कारखान्यांकडून वारा आला की पंख्यावर, टीव्हीवर, देव्हाऱ्यातल्या देवांवरसुद्धा एक बारीक चिकट थर बसतो. अशा ठिकाणी बंद पडलेला काळाकुट्ट पंखा देऊन पांढराशुभ्र फिरता पंखा परत मिळाला की माणूस हरखतो. ‘मेकॅनिक भाभी के हाथ से चीज नई होके आती है,’ असं भाड्याच्या खोल्यांमधले कामगार एकमेकांना सांगत, आणि भाभी थिनरच्या बाटलीचं बूच उघडत.

ती जन्मली जतकडच्या एका कोरड्या गावात. पावसाला बरं वाटावं म्हणून बापाने तिचं नाव वर्षाराणी ठेवलं. पाऊस काही भुलला नाही. लग्न होऊन ती शिवाजीबरोबर बोईसरला आली. तो रंगाच्या कारखान्यात लागला, ती ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या कामाला. ते काम बंद पडलं, पण तोवर बोटांना तारेची ओळख झाली होती. मग तिने शेजाऱ्यांचे मिक्सर उघडायला सुरुवात केली. पहिल्या काही मोटरी जळाल्या. तिला कुणी शिकवलं म्हणाल तर त्या जळालेल्या मोटरींनी.

तर अशा ह्या दुकानात एक दिवस स्वाती आली. स्वाती बोईसर स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचा मिक्सर वर्षाराणीने पूर्वी बरा केला होता. ह्या वेळी तिच्या हातात पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा होता. तिने झाकण काढलं, आतला टॉवेल उलगडला आणि एक पत्र्याचा रोबो काउंटरवर उभा केला.

“बाबांनी आणलेला, जपानहून. बोटीवर होते ना ते. माझ्या जन्माच्याही आधीचा आहे,” स्वाती म्हणाली. “घरात ह्याला पत्र्या म्हणतात. माझी सलोनी एकदा आजीकडे गेली आणि हट्टाला पेटली, ह्याला चालव म्हणून. आई आजवर कुणाला हात लावू देत नव्हती. नातीपुढे हरली. ताई, चालेल का हो हा?”

“बघूया की.”

“सांभाळून हां. आईचा जीव आहे त्याच्यात.”

आता, जीव आहे असं सगळेच म्हणतात. लोकांचा जीव इस्त्रीत असतो, टेबलफॅनमध्ये असतो. एका बाईचा इडलीपात्रात होता. वर्षाराणीने मान डोलावली आणि पत्र्याला हातात घेतलं.

वीतभर उंचीपेक्षा थोडा जास्तच. निळसर राखी रंग, चौकोनी डोकं, लाल डोळे, छातीवर दोन बारीक दारं. पायांवर खिळे छापलेले, म्हणजे खरे खिळे नव्हेत, खिळ्यांची चित्रं. पाठीत सेल घालायची पेटी. ती उघडली तर आतले दोन मोठे सेल कधीचे फुटून, वाहून, पांढऱ्या-हिरव्या खडीसाखरेसारखे झाले होते. तिला एकदम लळा लागला. इतकी वर्षं पोटात विष घेऊन हा गडी ताठ उभा होता!

अशी खेळणी स्क्रूवर नसतात. पत्र्याच्या बारीक जिभा खाचेत घालून दुमडलेल्या असतात. ती जीभ एकदा सरळ करायची, एकदा परत दुमडायची. तिसऱ्यांदा हात लावला तर तुटून हातात येते. वर्षाराणीने सुरीच्या बोथट टोकाने एकेक जीभ श्वास रोखून उचलली. खायच्या सोड्याच्या पाण्याने सेलचं विष धुतलं. पितळी पट्ट्या घासल्या. दातेरी चाकांमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, ते रॉकेलने सोडवलं. मोटर अंगठ्याएवढी, तिच्यातली केसासारखी तार तुटलेली होती. ती भिंगातून बघत नवीन तार गुंडाळली, आणि गुंडाळताना माहेरची कुठलीशी ओवी गुणगुणली, म्हणजे काम छान चाललं होतं. संध्याकाळी तिने उघड्या मोटरीला सेल लावला तेव्हा पत्र्याचे पाय हवेत एकापाठोपाठ एक हलले, आणि वर्षाराणी एकटीच खळखळून हसली.

मग तिने बाटलीचं बूच उघडलं.

पत्र्याचा रंग नाजूक म्हणून तिने नेहमीच्या राठ चिंध्या घेतल्या नाहीत. स्वतःच्या जुन्या सुती साडीचा, पिवळ्या फुलांचा एक तुकडा घेतला. सगळं अंग आधी साध्या पाण्याने टिपलं. राहिला एक डाग. डाव्या गालावर, लाल डोळ्याच्या खाली, पिवळट वार्निशचा चिंचोक्याएवढा फुगवटा होता आणि त्याच्या आत काहीतरी काळं. कुणीतरी अडाण्याने रंग उडाल्यावर फासलंय, तिने मनात म्हटलं. दोन थेंब थिनर, बोटाने हलकेच गोल गोल. वार्निश सुटलं, काळं चिंधीवर आलं. खाली रंग इतका ताजा निघाला, की तिने शेजारच्या रूपालीला हाक मारून दाखवला.

“बघ गं, इथे ऊनवारा लागलाच नव्हता. असा होता हा मुळात!”

“अय्या, किती छान,” रूपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमुनाबाई आली.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या नवापूरहून रिक्षाने येऊन, दुकानं विचारत विचारत ती पायरीशी उभी राहिली. सत्तरीची, काटक, मागे काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, ज्याचा तिला फारसा उपयोग होत नसावा. कारण तिने आधी काउंटर चाचपला, मग स्टूल, मग बसली.

“तूच का ती पंख्यावाली बाय? मी स्वातीची आई. पत्र्या तुज्याकडं हाय ना?”

“हो मावशी. बसा. पाणी देऊ?”

“पानी नको. घरात बसवत नाय गो. तो कपाटात नाय तं कपाट कसं दात पडल्यावानी दिसते. म्हटलं, जाऊन बघूनशी येऊ.”

पत्र्या टेबलावर फडक्याखाली होता. पाय वेगळे, डोकं वेगळं. “आत्ता उघडा आहे तो,” वर्षाराणी म्हणाली. “बघवणार नाही तुम्हाला.”

“मंग नको दाखवू. आपरेशनमदी माणसाला बाहेरच बसवतात.” जमुनाबाई हसली. दात तिचे अजून शाबूत होते. “माजा दादला मोठ्या बोटीवर व्हता. त्यानं आनला माज्या विनोदसाटी. स्वाती नंतरची. विनोद पयला. विन्या बोलायचो आमी.”

वर्षाराणीने तारेचं रीळ हातात घेतलं होतं. गिऱ्हाईक बोलत असताना ती हात चालू ठेवायची. लोकांना बरं वाटतं, कामही होतं.

“माजी सासू रोज तिनसांजा विन्याला तीट लावायची. काजलाची. पोरगा गोरा व्हता, लोकांची नजर वंगाल. तं हा बोलायचा, पत्र्याला पन लाव. म्हातारी बोलायची, अरे मेल्या, पत्र्याला कोन नजर लावते? नाय लावली तिनं. एक दिस पोरानं सोताच काजलाच्या डबीत आंगठा घातलान, नि पत्र्याच्या गालाव ठेवलान. इथं.” तिने स्वतःच्या डाव्या गालावर बोट टेकवलं.

रीळ हातातून सुटून टेबलाखाली गेलं आणि तार उलगडत राहिली.

“त्याच पावसाल्यात तापानं गेला पोर. फोटू नाय त्याचा. जत्रेत फोटूवाला आला व्हता त्या साली, पन हा भोंगा पसरून रडला, तं ऱ्हायला. बापाला बोटीवर तार केली, तो आला तवा समदं झालं व्हतं. मंग तो एक दिस पत्र्याला घेऊन बसला. होडीच्या फल्यांना लावतात ना वार्निश, ते त्यानं तिटीवर लावलान. दर सालाला एक हात. बोलला, आता ही जायाची नाय.” जमुनाबाईने उजवा अंगठा पुढे केला. “माजे डोले गेले, पन ह्याला दिसते. रोज दिवा लावते, नि तिटीवर आंगठा ठेवते. पोराचा आंगठा केवडासा. चिंचोक्याएवडा.”

वर्षाराणीला वाटलं आता काहीतरी बोलावं.

“हाय ना गो बरी?” जमुनाबाईने विचारलं. “तीट?”

“आहे,” वर्षाराणी म्हणाली.

थिनरने चूक झाली होती. पाप झालं ते ह्या ‘आहे’ने.

जमुनाबाई जायला उठली, परवा येते म्हणाली, आणि पायरी उतरताना मागे वळून म्हणाली, “डागतरीन हायस बाय तू.” वर्षाराणीने हात जोडले. ती दिसेनाशी झाल्यावर चिंध्यांचा डबा काउंटरवर उपडा केला. पिवळ्या फुलांचा तुकडा वरच सापडला. एका फुलाच्या पाकळीवर काळा डाग होता, कडेने पसरलेला, मधे दाट. अंगठा नव्हता आता तो. नुसतं काळं. तिने तो तुकडा घडी घालून स्क्रूच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. फेकवेना, आणि धुवायचा तर प्रश्नच नव्हता.

रात्री जेवताना शिवाजीने विचारलं, “कुणाची मोटर जळाली?”

“का?”

“त्वांडच तसं हाय.”

तिने सांगितलं. शिवाजी पोळी मोडायचा थांबला. त्याच्या नखांच्या कडा कायम गुलाबी असायच्या. कारखान्यातला रंग, किती घासला तरी न जाणारा. पाहुण्यांकडे हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा दिसायचा बिचारा.

“मग लाव की परत,” तो म्हणाला. “काजळच ते. म्हातारीला दिसत न्हाई म्हणतीस.”

“अंगठ्याला दिसतं तिच्या.”

“मग वार्निश पण लाव. तुला काय अवघड हाय?” मग त्याला तिचा चेहरा दिसला असावा, कारण त्याने आवाज उतरवला. “आमचं बघ, घासून घासून जात न्हाई. आन तुझं दोन थेंबात गेलं. असतंय एकेकाचं नशीब.”

विनोद करायचा म्हणून तो बोलला होता. ती उठून ताट घासायला गेली. ताट आधीच स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र्या पूर्ण जुळवला. जिभा दुमडल्या, एकही तुटली नाही. एरवी तिने स्वतःचीच पाठ थोपटली असती. नवे सेल घातले, खटका दाबला. पत्र्या घरघरत चार पावलं चालला, थांबला, छातीची दारं उघडली, आत लाल दिवा लुकलुकला, दारं मिटली, परत चालू लागला. गाल कोरा. मेल्याला जणू काही झालंच नव्हतं.

तिने काजळ आणलं. विकतचं नव्हे, ते मेणचट असतं. पणतीवर ताट उपडं धरून जमवलेली काजळी, त्यात एरंडेलाचा थेंब, माहेरी आई करायची तसं. वार्निश रंगाच्या दुकानातून आणलं. राहिला अंगठा. स्वतःचा लावून बघितला कागदावर, तर तो तिच्या वयाचा आला. मोठा, रुंद, तारेच्या चिरांनी कापलेला.

रूपालीची ठमी समोरच ओट्यावर पाय हलवत बसली होती. साडेपाच-सहाची, बोटं गुबगुबीत. वर्षाराणीने हाक मारली, “ठमे, इकडे ये गं. गंमत दाखवते.” ठमी आली. पत्र्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली आणि आपणहोऊनच, सवयीने, अंगठा पुढे केला. तिच्या शाळेत कालच रंगाचे ठसे घेतले होते. वर्षाराणीने काजळाची डबी उचलली.

आणि झाकण उघडून ती तशीच राहिली. जे पोर नाही, त्याच्या जागी ह्या हसत्या-खेळत्या पोरीचा अंगठा टेकवायचा? रूपालीला कळलं तर ती काय म्हणेल हे नंतर. पण न कळलं तर? वर्षाराणी नवससायास मानणारी नव्हती. मांजर आडवं गेलं तर ती मांजरालाच हड् म्हणायची. पण ह्याला तिचं मन धजेना. तिने डबी मिटली, ठमीच्या हातावर एक बिस्किट ठेवलं आणि तिला घरी धाडलं. मग दुकानाचं शटर भर दुपारी अर्धं ओढलं, करंगळीचं टोक काजळात बुडवलं, आणि पत्र्याच्या गालावर, त्या ताज्या निळ्या ठिपक्यावर बरोब्बर टेकवलं.

वार्निशचा एक हात. वाळल्यावर दुसरा. वाळल्यावर तिसरा. पिवळेपणासाठी किंचित चहाचं पाणी. इतकं हुबेहूब झालं, की तिला स्वतःच्या हाताचीच शिसारी आली. कारागिरीच्या बाबतीत तिला आजवर असं कधी वाटलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे जमुनाबाई आली. एकटीच, स्वातीची ड्युटी होती. हातातल्या पिशवीतून ओल्या बोंबलांचा वास येत होता.

“तुज्यासाटी. पोरानं आताच होडीतून काडलेत, पुतन्यानं माज्या. आजच खा, उद्या पानी होतील.”

“कशाला मावशी...”

“गप. कुटं हाय माजा पेशंट?”

वर्षाराणीने पत्र्याला काउंटरवर ठेवलं आणि खटका दाबला. घर्र घर्र करत तो निघाला. म्हातारी आवाजाच्या दिशेने वाकली. दारं उघडली, लाल दिवा लुकलुकला, आणि तो उजेड तेवढा तिच्या भिंगांवर पडला.

“आगो बाय,” ती हळूच म्हणाली. “आवाज तोच हाय. विन्या ह्याच्यामागं रांगत जायाचा, चालता येत असून. बोलायचा, मी त्याचा कुत्रा.”

तिने पत्र्याला उचलून मांडीवर घेतलं. खटका बंद करायचंही राहिलं; पत्र्या तिच्या मांडीत पाय झाडत राहिला, अंघोळीला धरलेल्या पोरासारखा. तिने अंगठा त्याच्या गालावर नेला. टेकवला. फिरवला.

“बरा केलास,” जमुनाबाई म्हणाली. “लय बरा केलास. तुज्या हाताला यश हाय गो.” आणि तिने पत्र्याला बाजूला ठेवून दोन्ही हात वर्षाराणीच्या तोंडावरून ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली. “बघ, किती नजर व्हती तुला!”

वर्षाराणीची आई अशी बोटं मोडायची. आई गेल्यापासून कुणी मोडली नव्हती. तिला तिथे उभं राहवेना आणि पळताही येईना.

“मावशी,” ती म्हणाली, “ती तीट माझी आहे.”

“आं?”

“विनोदची माझ्याकडून पुसली गेली. मला माहीत नव्हतं. डाग वाटला. तुम्ही त्या दिवशी आलात त्याच्या आदल्या दिवशीच पुसली होती. मी खोटं बोलले. मग ही लावली. माझ्या करंगळीने.”

जमुनाबाईने पत्र्याचा खटका चाचपून बंद केला. रस्त्यावरून टँकर गेला, दुकानातली लटकवलेली पंख्याची पाती थरथरली. वर्षाराणी शिव्यांची वाट बघत होती. किनाऱ्याकडच्या बायकांच्या शिव्या तिने बाजारात ऐकल्या होत्या. तशा मिळाल्या असत्या तर तिने त्या दोन्ही हातांनी घेतल्या असत्या.

“कशानं पुसलीस?” शेवटी म्हातारीने विचारलं.

“थिनरने. म्हणजे ते एक—”

“ते नाय इचारत. कपडा. कपडा कुटं हाय?”

वर्षाराणीने ड्रॉवर उघडला. घडी काढून तिच्या हातात दिली. “ह्या फुलावर,” म्हणून तिने म्हातारीचं बोट त्या काळ्या जागी नेऊन ठेवलं.

जमुनाबाईने तुकडा नाकाशी नेला. “वास तुज्या दवेचा येते,” ती म्हणाली. पण परत हुंगला. मग चारदा दुमडून लहान केला आणि कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीखाली ठेवला. पिशवीची नाडी ओढली.

“आता ही पूस.”

“मावशी...”

“तुजी तीट कशाला ऱ्हायला पायजे त्याच्याव? तू त्याची कोन? पूस. माज्या सामने.”

वर्षाराणीने नवं फडकं घेतलं. काचेच्या पेल्यात थोडं थिनर ओतलं. तीन हात वार्निश, चहाचं पाणी, आईच्या रीतीचं काजळ. सगळं दोन घासण्यात गेलं. आदल्या वेळेसारखंच. खाली तोच ताजा निळा ठिपका.

“झालं?”

“झालं.” पुढचं सांगावं की नको, वर्षाराणीला कळेना. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं. “मावशी, तिथला रंग वेगळा आहे. वार्निशखाली होता ना, उडालाच नाही. बाकी अंग फिकं झालंय. तेवढाच नव्यासारखा राहिलाय.”

“केवडा?”

“चिंचोक्याएवढा.”

जमुनाबाईने अंगठा ठेवला. तिथे आता उंचवटा नव्हता. बोटाला सगळा पत्रा सारखाच लागत असणार. तिने अंगठा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. वर्षाराणीने तिचं मनगट धरून तो जागेवर नेला.

“हितं?”

“इथे.”

“हां.” तिने अंगठा तिथून उचलला नाही. मग म्हणाली, “सासू मरेपरेंत बोलत व्हती, पोरानं सोताची तीट पत्र्याला दिली, म्हून त्याला नजर लागली. मी तिला बोलायची, तसं नसते. पन रोज हात लावताना मनात यायचं. रोज.” तिने पत्र्याला डब्यात, टॉवेलात निजवलं. झाकण लावलं. “आता लागू दे नजर. काय ऱ्हायलंय लागायचं.”

ती पायरी उतरली. वर्षाराणीने आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने धरला नाही. काउंटरची कड धरली. रिक्षात बसताना मागे वळलीही नाही.

बोंबलांची पिशवी काउंटरवर राहिली. ठेवून गेली की विसरून गेली, हे वर्षाराणीला आजतागायत ठरवता आलेलं नाही. तिने ते तळले, कारण उद्या पाणी झाले असते. शिवाजीने बोटं चाटत खाल्ले. तिच्या घशाखाली एक उतरला, दुसरा नाही.

त्यानंतर दुकानाचा नियम बदलला. वस्तू दुरुस्त झाली की वर्षाराणी ती तशीच काउंटरवर ठेवून विचारू लागली, “पुसू का?” लोक हसायचे. “ये भी कोई पूछने की बात है, भाभी?” कुणी म्हणे, ताई म्हातारी झाली, कंटाळा करायला लागली. एका इस्त्रीच्या मुठीवर कुणी वर्षानुवर्षं धरल्याचा चकचकीत खड्डा होता, तर ती मालकाला फोन करून विचारत बसली की हा खड्डा कुणाचा. मालकाने फोन ठेवून दिला.

स्वाती एकदा भेटली बाजारात. तिने पत्र्या छान चालतो म्हणून सांगितलं. सलोनी त्याला रविवारी आजीसमोर चालवते, आजी बघते. म्हणजे ऐकते. तिटीचं ती काहीच बोलली नाही. म्हातारीने लेकीला सांगितलं नव्हतं. हे कळल्यावर वर्षाराणीला हलकं वाटायला हवं होतं. उलट पिशवीतली मेथी जड झाली.

दिवाळी होऊन गेली. थंडीत एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तीतून आधी एक गोणपाटात बांधलेलं बोचकं उतरलं, मग जमुनाबाई. तिने काउंटर चाचपला आणि बोचकं त्यावर आदळलं. मिक्सर होता. सुकटीच्या चटणीने, हळदीने, खोबऱ्याने माखलेला; मूळचा रंग कोणता ते कंपनीलाही ओळखता आलं नसतं.

“फिरत नाय,” जमुनाबाई म्हणाली. कशी आहेस नाही, बरी आहेस का नाही.

“बघते, मावशी. बसा.”

ती बसली. वर्षाराणीने मिक्सर उघडला. मोटरीतले कार्बनचे तुकडे झिजले होते, फार काही नव्हतं. काम झालं, मिक्सर घरघरला. वर्षाराणीने तो काउंटरवर ठेवला. तोंडाशी आलेला प्रश्न आज ओठांतून निघेना.

“काय बघतेस?” म्हातारी म्हणाली. “हा मातर चांगला पूस. ह्याच्याव कोनी नाय.”

वर्षाराणीने बाटली घेतली. वरून, खालून, बटणांच्या खाचांतून, सुई फिरवून मळ काढला. प्लॅस्टिकचा पिवळा रंग वर आला. मागच्या बाजूला, हात घालून उचलायच्या जागी, हळदीचे चार बोटांचे वण होते, जुने, मुरलेले. चिंधी तिथवर गेली आणि परत आली.

जमुनाबाईने मिक्सर पुढे ओढला. सगळीकडून हात फिरवला. मागे हात गेला, थांबला. खरखरीत लागलं असावं.

“हितं ऱ्हायलं गो.”

“राहू दे,” वर्षाराणी म्हणाली.

म्हातारीने क्षणभर तोंड तिच्याकडे वळवलं. भिंगांच्या आडून तिला काय दिसलं, देव जाणे.

“कामाची चुकार झालीस,” ती म्हणाली, आणि मिक्सर गोणपाटात बांधू लागली. गाठ बसेना तेव्हा तिने एक टोक वर्षाराणीपुढे केलं. “धर.”

वर्षाराणीने धरलं.